मोडलेल्या पुलाच्या वरच्या अंगाला

श्रावणाच्या तोंडावर राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकामागून एक उघडू लागले, की कोल्हापूर जिल्ह्यात घरोघरी तासांचे गणित सुरू होते. भोगावतीतून सुटलेले पाणी पंचगंगेत केव्हा पोहोचेल, राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटांची इशारा रेषा ओलांडून ४३ फुटांच्या धोका रेषेकडे केव्हा सरकेल, आणि कोणता रस्ता आधी बंद होईल, याचे आडाखे चहाच्या टपरीवरही बांधले जातात. हुपरीसारख्या गावाला तर हे आडाखे बांधण्यावाचून गत्यंतरच नसते. उत्तरेला पंचगंगा आणि दक्षिणेला दूधगंगा अशा दोन नद्यांच्या मधोमध ही चांदीची नगरी वसलेली आहे. इचलकरंजीकडे जायचे तर पंचगंगा ओलांडावी लागते, आणि कर्नाटकाकडे उतरायचे तर दूधगंगा.

हुपरीचा धंदाही असा, की तो एका छपराखाली मावत नाही. चांदी एका ठिकाणी गाळली जाते, तिची तार दुसरीकडे ओढली जाते, पैंजणाच्या कड्या तिसऱ्या गावातल्या घरात जुळवल्या जातात, आणि घुंगरू लावून झळाळी देण्याचे काम आणखी कुठे तरी होते. आसपासच्या गावांतील शेकडो घरे या साखळीत गुंफलेली आहेत. त्यामुळे एखादी मोरी वाहून गेली, तर सरकारदरबारी ते एका किरकोळ बांधकामाचे नुकसान ठरते. इथे मात्र तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांतील हातांचे काम थांबते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांच्या महापुरांत पंचगंगाकाठाने हा अनुभव घेतला. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्याही वर गेली होती आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस पाण्याखाली होता.

पाणी ओसरले, की पंचनामे सुरू होतात. किती किलोमीटर रस्ता उखडला, किती मोऱ्या वाहून गेल्या, कोणत्या पुलाचा कठडा तुटला आणि कोणाचा जोडरस्ता खचला, यांचे तक्ते भरले जातात. मग निधीची मागणी होते. होते ते पूर्वीसारखे करून देणे, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू असतो. मोडलेल्या गोष्टीची मोजदाद झाली म्हणजे काम संपले, असे न मानणारा एक अभियंता शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घडला. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्यांचे नाव. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागराचे शिल्पकार ही त्यांची ओळख सर्वांना आहे. महाराष्ट्रात गेलेली त्यांची उमेदीची चोवीस वर्षे आणि पुराने उद्ध्वस्त केलेल्या शहराची त्यांनी केलेली पाहणी मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ सालचा, काही नोंदींनुसार १८६० चा. आज चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात असलेले मुद्देनहळ्ळी हे त्यांचे गाव. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. त्यात पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला शिकत असताना मुलांच्या शिकवण्या करून त्यांनी स्वतःचा खर्च भागवला आणि बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याचे कॉलेज ऑफ सायन्स गाठले. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेली हीच ती संस्था. १८८३ च्या परीक्षेत ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले.

नेमणूक नाशिककडे झाली आणि तेथून लवकरच त्यांना खानदेशात धाडण्यात आले. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या पात्राखालून नळ टाकून कालव्याचे पाणी पलीकडे न्यायचे, हे पहिले महत्त्वाचे काम. काम चालू असतानाच पावसाला सुरुवात झाली. खोदलेला चर नदीच्या वाळूने पुन्हा पुन्हा भरू लागला. पावसाळा सरेपर्यंत काम थांबवावे, असे या तरुणाने वरिष्ठांना कळवले. त्यावर आलेल्या उत्तरात शिस्तभंगाचा सूर होता. विश्वेश्वरय्यांनी मग वाद घातला नाही. पुराच्या दोन उसळ्यांच्या मधले दिवस साधत, पुन्हा पुन्हा वाळू उपसत त्यांनी ते काम पुरे केले. नोकरीच्या पहिल्याच वर्षात नदीचे पात्र म्हणजे नकाशावरची निळी रेघ नव्हे, हे त्यांना कळून चुकले. पात्रातली वाळू हलते, तळ खोल जातो आणि पुन्हा भरतो. पुलाचा खांब वरून भक्कम दिसत असला, तरी त्याच्या पायाखालून काय वाहून गेले हे पाणी उतरल्यावरच समजते. आजही पुरात पडणाऱ्या पुलांपैकी पुष्कळसे वरच्या ओझ्याने पडत नाहीत, पायाजवळची माती खरवडली गेल्याने पडतात. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसह वाहून गेल्या. त्यानंतर राज्यभरातील जुन्या पुलांच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला, तोही याच कारणाने.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत खानदेश, सिंधमधील सक्कर, सुरत, पुणे अशी त्यांची भ्रमंती झाली. सक्करला सिंधू नदीचे गढूळ पाणी शहराला पाजायचे कसे, हा प्रश्न होता आणि गाळण्या बांधण्याइतका पैसा नगरपालिकेकडे नव्हता. नदीच्या वाळूतच विहीर खणून वाळूकरवीच पाणी गाळून घ्यायचे, असा उपाय त्यांनी योजला. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात त्यांचा वावर होता. नीरा कालव्यावर पाळीपाळीने पाणी देण्याची गटपद्धत त्यांनी रूढ केली. तिला सुरुवातीला बागाईतदारांचा मोठा विरोध झाला. पण तो इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.

इथे थांबायचे ते खडकवासल्याला. त्या धरणाच्या सांडव्यावरून दर पावसाळ्यात पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला टंचाई भासे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारे आणि आपोआप मिटणारे दरवाजे बसवण्याची कल्पना काढली. ठरावीक पातळीपर्यंत ते पाणी अडवून धरत आणि त्यावर पाणी चढले, की माणसाचा हात न लागता उघडत. १९०३ च्या सुमारास ते बसले आणि तलावाची पातळी आठ फुटांनी उंचावली. या रचनेचे पेटंट त्यांच्या नावाने घेण्यात आले. परंतु नोकरीत असताना केलेल्या कामाचे मानधन घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. रात्री-अपरात्री पूर आला आणि दरवाजे उघडायला माणूस पोहोचू शकला नाही, तर खालच्या गावांचे काय, या प्रश्नाचे ते उत्तर होते.

राधानगरीच्या स्वयंचलित दरवाजांची बातमी वाचताना कोल्हापूरकरांना विश्वेश्वरय्यांचे नाव आठवते, ते यामुळे. लक्ष्मी तलावाच्या उभारणीशी त्यांचे नाव जोडले जाते. ते धरण ही राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीची निर्मिती, हे वेगळे सांगायला नको. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड आणि विजापूर या शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या कामांत मात्र विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला होता. म्हणजे पंचगंगेचे खोरे त्यांना अपरिचित नव्हते.

१९०८ मध्ये त्यांनी इलाख्याच्या नोकरीतून मुक्त होण्याचा निर्णय घेतला. ज्येष्ठता आणि कर्तृत्व असूनही मुख्य अभियंत्याची खुर्ची त्या काळी हिंदी माणसाला मिळणार नव्हती, हे उघड होते. नियमाप्रमाणे निवृत्तिवेतनाला लागणारी वर्षे पुरी झालेली नसतानाही सरकारने ते मंजूर केले. विश्वेश्वरय्या परदेशांतील कामे पाहण्यासाठी दौऱ्यावर निघाले आणि या दौऱ्यात असतानाच निजाम सरकारचे बोलावणे त्यांच्यापर्यंत पोहोचले. हैदराबादेत भयंकर घडले होते.

२८ सप्टेंबर १९०८ च्या पहाटे मुसा नदी शहरात घुसली. आधीचे दोन दिवस नदीच्या पाणलोटात अखंड पाऊस कोसळत होता. एरवी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणारी ही नदी काही तासांत दोन्ही काठांवरची वस्ती गिळत गेली. सुमारे १९ हजार घरे पडली, हजारो माणसे दगावली, आणि शहराच्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा एका दिवसात बेघर झाला. आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असलेल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसांनी जीव वाचवल्याची आठवण हैदराबादकर अजूनही सांगतात. शहराचे दोन भाग जोडणारे अफझल पूल, मुसल्लमजंग पूल आणि चादरघाट पूल पुराच्या माऱ्यात मोडले. कुतुबशाहीच्या काळात, १५७८ मध्ये बांधलेला पुरानापूल तेवढा जखमी होऊन का होईना, उभा राहिला. पूर ओसरल्यावर नदीच्या या काठावरून त्या काठावर जायला तोच काय तो आधार होता.

विश्वेश्वरय्या १९०९ च्या एप्रिलमध्ये हैदराबादेत दाखल झाले. त्यांच्यावर सोपवलेले काम नुकसानीचा तक्ता करण्याचे नव्हते. शहराची पुनर्रचना सुचवणे, पुन्हा असा पूर येऊ नये म्हणून उपाय सांगणे आणि मैलापाण्याची योजना आखणे असे ते होते. तरीही प्रारंभ मोडतोडीपासूनच करणे भाग होते. पुराला सहा-सात महिने लोटले होते. नदी पुन्हा ओहोळासारखी वाहत होती. साक्षीदार होते ते भिंतींवरचे डाग, मोडक्या कमानी आणि लोकांच्या आठवणी.

अशा वेळी अभियंत्याला काय करावे लागते, ते थोडक्यात सांगायला हवे. पूर ओसरला तरी त्याची खूण मागे राहते. घराच्या भिंतीवर गाळाची रेघ उमटते, झाडाच्या फांदीत काडीकचरा अडकतो, देवळाच्या पायरीवर माती साचते. या खुणांची उंची एकेका ठिकाणी मोजायची, मग नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढायचे, दोन खुणांमधला उतार धरून पाण्याचा वेग ठरवायचा आणि दोहोंच्या गुणाकाराने दर सेकंदाला किती पाणी गेले याचा अंदाज बांधायचा. मुसाच्या त्या पुराचा कमाल विसर्ग सव्वाचार लाख घनफूट प्रतिसेकंद इतका असावा, असे विश्वेश्वरय्यांच्या अहवालात मांडले गेले. पुलांची मापे या आकड्याशेजारी ठेवली, की ते का मोडले हे निराळे सांगावे लागत नव्हते. एवढे पाणी पुढे जाऊ देण्याइतके गाळे त्यांना मुळी नव्हतेच. त्यात झाडे, छपरे, लाकडे वाहून येऊन कमानींत अडकतात. मग पूल पूल राहत नाही, बंधारा होतो. पाणी मागे तुंबते, वरच्या वस्तीत शिरते आणि शेवटी पूल किंवा त्याचा जोडरस्ता फोडून बाहेर पडते.

इथपर्यंतची तपासणी कोणाही जाणत्या अभियंत्याने केली असती. विश्वेश्वरय्या त्या मोडक्या पुलांपाशी थांबले नाहीत. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले. शहराच्या वर मुसाचे पाणलोट क्षेत्र ८६२ चौरस मैलांचे आणि त्यात लहानमोठे ७८८ तलाव, असा हिशेब निघाला. शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले, एकाखाली एक साखळीने वसलेले असे हे तलाव. त्यांपैकी २२१ तलाव त्या पावसात फुटले होते. वरचा तलाव फुटला, की त्याचे पाणी खालच्यात कोसळे आणि त्यालाही फोडून पुढे निघे. शहरावर जे आदळले ते निव्वळ पावसाचे पाणी नव्हते. वरच्या दोनशेहून अधिक बांधांनी एकाच वेळी हात टेकले होते, त्याचाही तो लोंढा होता. मोडलेल्या पुलाचे कारण पुलापासून कित्येक मैल दूर, एखाद्या खेड्यातल्या दुर्लक्षित तलावाच्या सांडव्यात सापडत होते.

यातून जो उपाय निघाला, तोही पुलांच्या दुरुस्तीपुरता राहणे शक्य नव्हते. १ ऑक्टोबर १९०९ रोजी सादर झालेल्या अहवालात त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला दोन मोठे जलाशय सुचवले, एक मुसावर आणि दुसरा तिच्या ईसा या उपनदीवर. पुराचे पाणी तिथे थोपवायचे आणि नदीला झेपेल तेवढेच खाली सोडायचे. सखल काठावरची वस्ती हलवून तिथे उद्याने करायची आणि नदीकाठ बांधून काढायचा, हीही कल्पना त्यात होती. मुसावरचा उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसावरचा हिमायतसागर १९२७ मध्ये पुरा झाला. अहवाल देऊन दुसऱ्याच महिन्यात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले होते. धरणे उभारली ती इतरांनी. अभियंत्याने अहवाल लिहावा आणि सरकारने तो अमलात आणावा, असा योग आपल्याकडे विरळाच. म्हणून त्यात निजाम सरकारचेही श्रेय नोंदवले पाहिजे.

या दोन जलाशयांनी हैदराबादला १९०८ सारख्या प्रलयापासून दीर्घकाळ वाचवले. ऑक्टोबर २०२० मध्ये मात्र अतिवृष्टीने शहराच्या दक्षिणेकडील तलाव फुटले आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदी अडवली होती. तलावांच्या साखळीवर दरम्यान शहर चढले होते.

पंचगंगाकाठी हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने दिसते. पुराच्या पाण्यात रस्ता बुडतो म्हणून तो भराव टाकून उंच केला जातो. पुढच्या पुरात रस्ता वाचतो, पण त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून शेते आणि घरे अधिक काळ बुडून राहतात. महामार्गाच्या भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता करावा, भरावात जास्त मोऱ्या ठेवाव्यात, ही मागणी २०१९ नंतर या भागात वारंवार झाली, ती यातूनच. पंचनाम्याच्या तक्त्यात उखडलेल्या डांबराला रकाना असतो. रस्त्याने अडवलेल्या पाण्याला रकाना नसतो. अलमट्टीच्या पातळीवर होणाऱ्या वादात गावाशेजारच्या मोरीची रुंदी मोजायची राहून जाते, असेही म्हणता येईल. दोन्ही मोजायला हवे.

म्हैसूरमधील कारकीर्द इथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. कृष्णराजसागर उभा राहिला, १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे ते दिवाण होते, १९१५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. शाळा, विद्यापीठ, बँक, कारखाने या साऱ्यांवर त्यांची छाप आहे. दिवाणपद सोडले तेव्हा ते साठीच्या जवळ आले होते. बहुतेकांचे चरित्र जिथे संपते, तिथून पुढे हा माणूस आणखी चार दशके काम करीत राहिला.

१९३७ मध्ये ओडिशातील महानदीच्या त्रिभुज प्रदेशात मोठे पूर आले. महात्मा गांधींच्या विनंतीवरून विश्वेश्वरय्या पाहणीसाठी तिकडे गेले. वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. तिथेही वर्षानुवर्षे काठाचे बांध फुटत आणि पुन्हा बांधले जात. बांध, रस्ते आणि रेल्वेचे भराव पाण्याच्या वाटेत उभे राहिल्याने पूर आणखी पसरतो, हा तिथला जुना वाद होता. त्यांनी १९३७ आणि १९३९ मध्ये अहवाल दिले. नदीची शास्त्रशुद्ध मोजणी आधी करा आणि पाणी वरच्या भागातच जलाशयांत अडवा, असा त्यांचा रोख होता. पुढे हिराकूडचे धरण ज्या विचारातून साकार झाले, त्याची मुळे या अहवालांत शोधली जातात.

आणि १९५२ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, गंगेवर बिहारमध्ये पूल कोठे बांधावा हे ठरवण्यासाठी त्यांनी स्वतः जाऊन जागांची पाहणी केली. गंगा तिथे पात्र बदलणारी. पूल बांधावा आणि नदीच दुसरीकडे निघून जावी, असा धोका. पुलाच्या जागेवरून राजकीय ओढाताणही चालू होती. वाद मिटवायला कोणाच्याही बाजूचा नसलेला माणूस हवा होता. मोकामा येथील तो राजेंद्र सेतू १९५९ मध्ये खुला झाला. १९५५ मध्ये विश्वेश्वरय्यांना भारतरत्न मिळाले होते.

त्यांच्याविषयी एक कथा पाठ्यपुस्तकांतून आणि भाषणांतून फिरत असते. रात्रीच्या गाडीने जाताना चाकांचा आवाज बदललेला त्यांनी ओळखला, साखळी ओढून गाडी थांबवली आणि पुढे रूळ खरोखरच उखडलेला सापडला, अशी ती कथा. ती घडली असेल किंवा नसेलही. पण त्यांच्या कामाशी तिचे नाते थोडे फसवे आहे. त्यांनी कान लावून फारसे काही ओळखले नाही, त्यांनी मोजले. पर्जन्यमापकांचे आकडे, पाणलोटाचे क्षेत्र, तलावांची संख्या, पूरखुणांची उंची हे सारे कंटाळवाणे काम होते, आणि कंटाळवाण्या कामाची आख्यायिका होत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्याच्या लोंढ्याने काही तासांत खडकवासला धरणही फोडले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा, रस्ते आणि बहुतेक पूल पाण्याखाली गेले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी ज्या सांडव्यावर विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले होते, ते हेच खडकवासला. वरचे धरण फुटून त्याचे पाणी खालच्यावर कोसळले होते, जसे १९०८ मध्ये मुसाच्या तलावांत घडले होते. शंभरीला टेकलेले विश्वेश्वरय्या तेव्हा बंगळूरला होते. १४ एप्रिल १९६२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मुद्देनहळ्ळीला, त्यांच्या जन्मगावी, त्यांची समाधी आहे.